बंदिस्त जगातला विनोद

इंटरनेटवरील विनोदी व्यंगचित्रपटांचा विचार करताना ‘होमस्टार रनर’ ही अमेरिकन मालिका वगळता येत नाही. अटलांटाच्या माइक आणि मॅट चॅपमन या बंधूंनी ती २००० साली सुरू केली. १९९६ मध्ये रचलेले एक विडंबनात्मक बालपुस्तक हे तिचे मूळ. जाहिराती न स्वीकारता टी-शर्ट, डीव्हीडी यांच्या विक्रीवर ती चालली. २०१० मध्ये ती थांबली आणि २०१४ पासून अधूनमधून नवे चित्रपट पुन्हा येऊ लागले.

शीर्षक नायकाचे असले तरी मालिका खऱ्या अर्थाने खलनायकाची आहे. कुस्तीगिराचा मुखवटा घातलेला आणि मुष्टियुद्धाचे हातमोजे हेच ज्याचे हात आहेत असा स्ट्राँग बॅड प्रेक्षकांच्या ई-पत्रांना उत्तरे देतो. अशी उत्तरे दोनशेहून अधिक आहेत. पत्रलेखकांच्या शुद्धलेखनाची टवाळी करता करता तो स्वतःचेच अज्ञान उघडे पाडतो. ड्रॅगन कसा काढावा हे शिकवताना तो इंग्रजी ‘एस’ अक्षरापासून आरंभ करतो आणि त्या प्राण्याला माणसाचा पिळदार दंड जोडून मोकळा होतो. येथे हसू येते ते चित्राच्या बेढबपणाचे नव्हे, तर शिकवणाऱ्याच्या अढळ आत्मविश्वासाचे. बहुतेक पुरुषपात्रांना मॅट चॅपमन यांचाच आवाज आहे. या घरगुती घडणीमुळे मालिकेला एक सलग, आपलासा सूर लाभला आहे.

मात्र मर्यादाही याच घडणीतून उद्भवतात. मार्झिपॅन हे मुख्य परिवारातील एकमेव स्त्रीपात्र. पण तिच्या वाट्याला पुरुषांच्या वेडेपणावर वैतागण्यापलीकडे फारसे काही येत नाही. स्ट्राँग बॅडने रेखाटलेल्या ‘टीन गर्ल स्क्वाड’ या चित्रकथेत चार मुली पुनःपुन्हा भयंकर रीतीने मरतात. हा उपहास मुलींचा नसून मुलींविषयी काहीच न जाणणाऱ्या चित्रकाराचा आहे, असे समर्थन करता येईल, आणि ते बव्हंशी योग्यही आहे. परंतु त्या अज्ञानाला छेद देणारी एखादी सशक्त स्त्री कथाविश्वात नसल्याने उपहासाची धार बोथट होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. उत्तरकाळात विनोद बाहेरच्या जगाकडून मालिकेच्या स्वतःच्या जुन्या विनोदांकडे वळू लागला. जुन्या प्रेक्षकाला त्यात ओळखीचा आनंद मिळतो. नवागताला मात्र सगळे हसत असताना आपण का हसत नाही, असा प्रश्न पडतो. २०२० च्या अखेरीस फ्लॅश या तंत्राचा आधार संपला. पर्यायी साधनांमुळे हे चित्रपट पाहता येतात, पण त्यांतील संदर्भ समजण्याची सोय कोणतेही यंत्र करू शकत नाही.

म्हणून या मालिकेचे मोल तिच्या आरंभीच्या पत्रोत्तरांवरून ठरवणे न्याय्य होईल. आत्मप्रौढीचे ते दर्शन कोणत्याही पूर्वओळखीवाचून हसवते. आणि अशा विनोदालाच दीर्घ आयुष्य लाभते.