विझत्या उजेडाची परिपत्रके

दिवाळी अंकात कादंबरीकाराने कादंबऱ्यांविषयी लिहावे, असा शिरस्ता आहे. यंदा तो मोडतो आहे, वाचकांनी क्षमा करावी. गेल्या वर्षभरात मी आवडीने वाचलेले गद्य म्हणजे ज्योतिर्विदांची आठ-दहा ओळींची परिपत्रके. गॅमा किरणांच्या स्फोटामागे रेंगाळणारा उजेड जगभरच्या दुर्बिणी टिपतात आणि एकमेकांना कळवतात, ती ही परिपत्रके. मी मॅट्रिक झालेला मराठीचा मास्तर. त्यातले गणित माझ्या आवाक्याबाहेरचे. पण गद्य खरे बोलते आहे की नाही, हे ओळखण्यातच माझी हयात गेली.

प्रचंड तारा कोसळताना, किंवा दोन मृत तारे एकमेकांवर आदळताना, या किरणांचा लोट सुटतो आणि बहुधा काही सेकंदांत संपतो. १९६७ पासून उपग्रहांना हे स्फोट जाणवत होते. पण ते जवळ होतात की विश्वाच्या पार पलीकडे, हा वाद तीस वर्षे मिटेना. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेप्पोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटाची जागा दाखवली. एकवीस तासांनी ला पाल्मा बेटावरच्या हर्शेल दुर्बिणीने तिकडचे छायाचित्र घेतले, आणि ८ मार्चला त्याच बेटावरच्या न्यूटन दुर्बिणीने पुन्हा एक. यान फान पॅराडेइस आणि त्यांचे विद्यार्थी यांनी दोन्ही शेजारी ठेवली. पहिल्यातला एक ठिपका दुसऱ्यात मावळत आला होता! त्याच वर्षी मे महिन्यातल्या आणखी एका स्फोटाच्या अशाच मावळत्या उजेडाचा वर्णपट हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतला आणि तो स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचा ठरला. धडाक्याने जे सांगितले नाही, ते मागच्या उजेडाने सांगितले.

आमच्याकडचे विज्ञानलेखन मात्र धडाक्यापाशीच थांबते. इतक्या सूर्यांचे तेज, तितक्या अणुबाँबची शक्ती, आणि शेवटी उद्गारचिन्ह. १९ मार्च २००८ चा स्फोट साडेसातशे कोटी वर्षांपूर्वीचा असूनही अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांना दिसू शकेल इतका तेजस्वी होता, हे खरेच नवल. पण पुढे कित्येक दिवस कोणी तो उजेड मोजत बसले, त्यांना यात एक ओळही मिळत नाही.

परिपत्रकाची शैली याच्या अगदी उलट. आम्ही किती उशिरा पोचलो, हे आधी सांगायचे. मग काय दिसले. काही दिसलेच नाही, तर किती मंद तेजापर्यंत शोधूनही दिसले नाही, तेही आकड्यात. ‘दिसले नाही’ हे इतक्या स्वच्छपणे लिहिणारा कादंबरीकार मला अजून भेटलेला नाही. मी स्वतः तर नव्हेच. उणीव एकच, पण मोठी: माथ्यावर नावांची रांग असते आणि मजकुरात माणूस नसतो. लडाखमध्ये हानले येथे सत्तर सेंटिमीटरची एक स्वयंचलित दुर्बीण आहे. मुंबईची आयआयटी आणि बंगळूरची खगोलभौतिकी संस्था मिळून ती चालवतात. तिथल्या थंडीविषयी त्या मजकुरात अक्षर सापडत नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत वडील वारतात आणि त्याच पानावर पुस्तक संपते. पुस्तकाची तारीफ झाली. एका बाईंनी मात्र पत्रातून विचारले, “दुसऱ्या दिवशी त्या घरात चहा कोणी केला, मास्तर?” मला राग आला होता. आता येत नाही. तो उजेड एका चालीने उतरतो: काळ दसपट झाला की तेज साधारण दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी. पहिल्या तासांत भराभर, मग दिवसेंदिवस रेंगाळत. पुढे कधीकधी अशी रात्र येते की तेज आणखी उतरतच नाही. मागे उरलेला तो फिकट डाग म्हणजे ज्या दीर्घिकेत हे घडले ती दीर्घिका. परिपत्रकात त्याला एक वाक्य मिळते.

बाईंचे पत्र माझ्या खणात आहे. दुसरी आवृत्ती छापायची म्हणून प्रकाशकांचा तगादा चालू आहे. शेवटची बारा पाने मी त्यांना अजून दिलेली नाहीत.