वेशीबाहेरची माणसे

नकाशा हीदेखील एक संहिता आहे, हे नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. प्रश्न उरतो तो तिच्या अभिप्रेत वाचकाचा. कोलोन येथे १५७२ ते १६१७ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘सिव्हिटाटेस ऑर्बिस टेरारुम’ या नगरचित्रसंग्रहात हा प्रश्न खुद्द संपादकानेच उपस्थित केला आहे.

संपादक गेओर्ग ब्राउन हा धर्मगुरू. ताम्रपत्रांवरील कोरीवकामात फ्रान्स होगेनबर्गचा वाटा मोठा. तांब्यावर कोरणीने ओढलेली रेघ लाकडी ठशातील रेघेहून सूक्ष्म उमटते. त्यामुळे तट, बुरूज, खंदक, पूल सारेच तपशिलाने वाचता येते. असा तपशील शत्रूच्या हाती पडला तर? ब्राउनचे उत्तर असे की, अग्रभागी स्थानिक वेषातील स्त्रीपुरुष रेखाटले आहेत. मनुष्याकृती धर्माला निषिद्ध असल्याने तुर्क ही पाने वापरणार नाहीत.

हा युक्तिवाद टिकत नाही. ऑटोमन दरबारातच १५५८ मध्ये सिद्ध झालेल्या ‘सुलेमाननामा’ या सचित्र ग्रंथात वेढे आहेत, लढणारी माणसेही आहेत. त्याच दरबारातील मात्राकची नासूह याने सुमारे १५३७ मध्ये रेखाटलेली नगरे मात्र निर्मनुष्य आहेत. म्हणजे मनुष्याकृती असणे-नसणे हा तेथे चित्रप्रकाराच्या संकेताचा भाग होता, सरसकट निषेधाचा नव्हे. ब्राउनने वगळलेला वाचक त्याने स्वतःच कल्पिलेला आहे.

मग या आकृतींचे कार्य कोणते? अनेक पानांवर त्या तटाबाहेरच्या उंचवट्यावर उभ्या आहेत. वेढा घालणारा तोफा मांडेल ती हीच जागा. तेथे नटलेले नागरिक उभे करून चित्र आक्रमकाची नजर पाहुण्याच्या नजरेत रूपांतरित करते; ग्राहकाला शहर निर्धास्तपणे न्याहाळता येते. पहिल्या खंडातील गोव्याच्या चित्रात मात्र असा आडपडदा नाही: ते ख्रिस्ती सत्तेखाली आल्याची नोंद मथळ्यातच आहे. तेथे पाहणारा हाच जेता असल्याने नजर लपविण्याचे प्रयोजनच संपते.

प्रस्तावनेतील उद्दिष्ट हा अर्थनिर्णयाचा अंतिम आधार नव्हे. पण म्हणून ते टाकाऊही ठरत नाही. ब्राउनचा खुलासा चित्राचा अर्थ सांगत नाही. चित्र कोणती भीती झाकते, एवढे मात्र तो नकळत सांगून जातो.