रामबाण आणि पाटाचे पाणी

कर्करोगावरील चुंबकीय नॅनोकणांविषयी मराठीत जे लोकप्रिय विज्ञानलेखन होते, त्यात एक चित्र पुन:पुन्हा भेटते. औषध लोह-ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर बसवायचे, रक्तात सोडायचे, गाठीवर बाहेरून चुंबक धरायचा. कण नेमके तिथेच जमतात, बाकीचे शरीर सुखरूप राहते. मग ‘रामबाण’, ‘लक्ष्यभेद’ हे शब्द आपोआप येतात. मी प्रयोगशाळेतला माणूस नाही. शब्दकोश शेजारी ठेवून मूळ शोधनिबंध वाचणारा आहे. या वाचनातून माझे मत असे झाले आहे, की अशा लेखांतील तपशिलाच्या चुकांपेक्षा हे रूपकच वाचकाची अधिक दिशाभूल करते.

कल्पना मूळची जर्मनीतली. रोगजंतूला मारील पण रोग्याला धक्का लावणार नाही, अशा औषधाला पाउल एर्लिश यांनी ‘जादूची गोळी’ म्हटले. १९१० मध्ये आलेले सिफिलिसवरील त्यांचे साल्वरसान हे त्या दिशेचे पाऊल. दुष्परिणाम त्याचेही होतेच. वेबरच्या १८२१ च्या ऑपेरात जादूच्या गोळ्यांची जी कथा आहे, तिच्यात सहा गोळ्या नेमबाजाच्या इच्छेने लागतात, सातवी सैतानाच्या मर्जीने जाते. आपण या कल्पनेला ‘रामबाण’ हा आपला जुना शब्द दिला आणि सातव्या गोळीची भीती गळून पडली. रामाचा बाण चुकतच नाही. त्यामुळे तो वाटेत कुठे अडला, हा प्रश्नच उरत नाही.

चुंबकीय कणांची सगळी गोष्ट मात्र वाटेतच घडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत विडर आणि सेन्येई यांनी अशा औषधवाहकांचे प्रयोग केले. त्यांतील गाजलेले प्रयोग उंदरांच्या शेपटीवरचे होते. शेपटी बारीक, चुंबक अगदी जवळ. माणसाचे यकृत किंवा फुप्फुस तसे नसते. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते आणि बाहेरच्या चुंबकाची ओढ नेहमी त्याच्या जवळच्या बाजूलाच सर्वाधिक असते. कणाचा व्यास दहापट कमी केला, की त्याच्यावरची ओढ हजारपट कमी होते. कण मोठे केले, तर केशवाहिन्या तुंबण्याचे भय. शिवाय यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशी परके कण रक्तातून सतत वेचत असतात.

१९९६ मध्ये बर्लिनच्या गटाने माणसांवरील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण १४, औषध एपिरुबिसिन. सुमारे निम्म्या रुग्णांत कण गाठीपर्यंत नेता आले. उपचार सोसवतो का, हे पाहणारी ती प्राथमिक चाचणी होती, आणि तिने आपले काम प्रामाणिकपणे केले. पुढे अमेरिकेत यकृताच्या कर्करोगावर सुरू झालेली मोठी चाचणी २००४ मध्ये थांबवावी लागली. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांचा आढावा घेतला. त्यात सर्व प्रकारचे नॅनोकण होते. गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. हजारातले सात.

म्हणून हे संशोधन फोल आहे, असे मी म्हणत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डॉक्सिल हे चुंबकीय नव्हे, पण नॅनोवाहकातलेच औषध. त्याचा मोठा लाभ म्हणजे हृदयाला होणारी इजा कमी झाली. २०१० मध्ये युरोपात मेंदूच्या गाठींसाठी मान्य झालेल्या उपचारात लोहकण थेट गाठीतच टोचतात आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवतात. ही दोन्ही खरी कामे आहेत. दोन्हींत बाण कुठेच नाही.

सामान्य वाचकाला रूपक लागतेच, असे कोणी म्हणेल. मान्य. मग ते पाटाच्या पाण्याचे घ्यावे. धरणातून आवर्तन सुटले, एवढ्याने टेलच्या शेतकऱ्याचे पीक जगत नाही. वाटेत किती मुरले, किती गळाले, कोणी मध्येच उचलले, माझ्या वावरात किती आले, हे तो विचारतो. हेच प्रश्न औषधालाही विचारायचे असतात.

हा वाद नुसत्या शब्दांचा नाही. ज्याच्या घरात केमोथेरपी चालू आहे, तो ‘रामबाण’ वाचतो तेव्हा त्याला वाटते, औषध तयार आहे, फक्त आपल्यापर्यंत आलेले नाही. चालू उपचारावरचा विश्वास ढळतो. पैसे घेऊन आशा विकणाऱ्याचे दार जवळचे वाटू लागते. त्यामुळे अशा प्रत्येक लेखाकडून मी चार उत्तरांची अपेक्षा धरतो. प्रयोग उंदरावर झाला की माणसावर? गाठ किती खोल होती? दिलेल्यातले किती पोचले? आणि उरलेले कुठे गेले? ही उत्तरे नसतील, तर लेखकाने उपमा देण्याची घाई करू नये.