वीस टक्के, पण कशाचे?

स्वतंत्र दवाखाने चालवणारे डॉक्टर एकत्र येऊन विमा कंपनीशी एकच दर ठरवतात. हे सहकार्य की संगनमत? हा प्रश्न आरोग्य-अर्थशास्त्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला भेटतो आणि पाठोपाठ भेटतात अमेरिकेच्या न्याय खात्याची आणि फेडरल ट्रेड कमिशनची 1996 ची मार्गदर्शक निवेदनं. त्यातलं आठवं निवेदन डॉक्टरांच्या संयुक्त उपक्रमांबद्दल आहे.

आधी त्याची जमेची बाजू. ते पहिल्यांदा विचारतं, या डॉक्टरांनी आर्थिक जोखीम खरंच वाटून घेतली आहे का? यामागे 1982 चा मॅरिकोपा खटला आहे. तिथे डॉक्टरांनी मिळून कमाल फी ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी ती बेकायदा ठरवली, कारण भांडवल आणि तोटा त्यांनी वाटून घेतलाच नव्हता. नुसती पाटी एक, धंदा वेगळा!

जोखीम वाटलेली असेल, तर पुढे 'सुरक्षित कक्षा' येते. डॉक्टर त्या एकाच गटाशी बांधलेले असतील तर प्रत्येक विशेष शाखेतले 20 टक्के, नसतील तर 30 टक्के. त्यापुढे गेलं की लगेच बेकायदा असं नाही, फक्त सविस्तर तपासणी होते.

माझा आक्षेप इथे आहे. अंश मोजणं सोपं, पण छेद कोण ठरवणार? समजा गटात 8 हृदयरोगतज्ज्ञ आहेत. बाजारपेठ जिल्हाभर धरून 40 तज्ज्ञ मोजले तर 20 टक्के, शहरापुरती धरून 20 मोजले तर 40 टक्के. गट तोच, निष्कर्ष उलटा.

अशी हद्द ठरवायला रुग्ण कुठून कुठे जातात हे पाहणारी एल्झिंगा-होगार्टी चाचणी बराच काळ वापरली गेली. पण काही रुग्ण लांब जातात, म्हणून दर वाढल्यावर उरलेलेही जातील असं सिद्ध होत नाही. शिवाय बिलाचा मोठा भाग विमा भरतो. इव्हान्स्टन रुग्णालयाच्या विलीनीकरणाच्या खटल्यात खुद्द एल्झिंगांनीच ही चाचणी रुग्णालयांना लागू पडत नाही अशी साक्ष दिली आणि 2007 मध्ये कमिशनने ती मान्य केली.

2023 मध्ये दोन्ही संस्थांनी ही निवेदनं मागे घेतली. तरी जुन्या पेपरांत 20 आणि 30 भेटतीलच. तेव्हा टक्केवारी उतरवून घेण्याआधी छेद शोधा. तो कसा ठरवला हे लेखकाने सांगितलं नसेल, तर तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच आहे.