राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मराठी चित्रपटाचा इतिहास

पुणे येथे फेब्रुवारी १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जतनकार्य करणारी शासकीय संस्था म्हणून परिचित आहे. तथापि मराठी चित्रपटाचा इतिहास कसा लिहिला गेला, यावरही या संग्रहाचा खोल परिणाम झालेला आहे. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा परामर्श घेतला आहे.

मराठी चित्रपटसमीक्षा दीर्घकाळ 'प्रभात'भोवती केंद्रित राहिली. 'अयोध्येचा राजा' (१९३२), 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७) यांची गुणवत्ता निर्विवादच आहे. परंतु हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहता येतात, ही बाबही तितकीच निर्णायक होय. याउलट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी निर्मिलेला मूकपट 'सावकारी पाश' (१९२५) आज उपलब्ध नाही. व्ही. शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केलेल्या या चित्रपटास भारतीय वास्तववादाचा प्रारंभ मानले जाते. मात्र असे मानणाऱ्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही! पेंटरांनीच १९३६ मध्ये केलेल्या बोलपटावरून मूकपटाविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे. पाठ्यपुस्तकी इतिहासात ही अडचण क्वचितच मान्य केली जाते.

मूकपटांच्या या ऱ्हासास नायट्रेट फिल्मची ज्वालाग्राहिता जशी कारणीभूत ठरली, तशीच रिळांतील चांदी काढून घेण्याची व्यापारी वृत्तीही. १९६५ मध्ये संग्रहालयात रुजू झालेल्या पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष हाती लागले. पुढे जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट कोठारास आग लागून अनेक जुनी रिळे नष्ट झाली. 'प्रभात'चे चित्रपट तरीही पाहता येतात, ते त्यांच्या प्रती निघाल्या होत्या म्हणून. जतन म्हणजे केवळ कुलूपबंद थंड कोठार नव्हे, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

नायर यांना हे उमगले होते. फिल्म सोसायट्यांना प्रती पुरविणे, फिल्म इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने रसास्वाद अभ्यासक्रम चालविणे, यांतून पुण्यात चित्रपट 'वाचणारा' वर्ग घडला. मात्र हा लाभ बहुतांशी पुण्यापुरता राहिला, ही या कार्याची मर्यादा होय. २०२२ मध्ये संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. रिळांचे डिजिटल रूपांतरही हाती घेण्यात आले आहे. या रूपांतरित प्रती कोल्हापूर, नाशिक येथील महाविद्यालयीन ग्रंथालयांत अभ्यासासाठी मिळणार काय, यावर विद्यापीठीय अभ्यासमंडळांनी महामंडळाकडे लेखी मागणी करणे आवश्यक आहे.