बार्बेलियनची रोजनिशी

‘एका निराश माणसाची रोजनिशी’ हें इंग्रजी पुस्तक १९१९ सालीं लंडनमध्यें निघालें. प्रस्तावना वेल्सची पाहून कांहीं टीकाकारांनीं सारें लेखनच वेल्सच्या पदरीं घातलें! वस्तुतः ‘बार्बेलियन’ या टोपणनांवामागें ब्रूस कमिंग्ज हा लंडनच्या निसर्गेतिहास-संग्रहालयांतील तरुण कीटकशास्त्रज्ञ होता. तेराव्या वर्षीं त्यानें ही रोजनिशी आरंभिली.

त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार जडला होता. यांत शरीराची रक्षणशक्ति घरभेद्याप्रमाणें स्वतःच्याच मेंदूंतील व मज्जारज्जूंतील तंतूंच्या वेष्टनावर उलटते आणि आवरण गेलेल्या विजेच्या तारेसारखी तंतूंची गत होते. आज डोळा अंधुक होतो, बराहि होतो; कांहीं महिन्यांनीं हात बधिर पडतो. पॅरिसच्या शार्कोनें १८६८ मध्यें या विकाराचें स्वरूप मांडलें. तथापि आघात निरनिराळ्या जागीं व निरनिराळ्या काळीं झाले, हें ताडल्यावांचून निदान होत नसे. आज एम्. आर्. आय्.च्या चित्रांत जुने व नवे व्रण कधीं कधीं एकदमच दिसतात. १९९३ पासून आघातांची संख्या घटविणारीं औषधें मिळूं लागलीं. समूळ बरें करणारें औषध मात्र अद्यापि नाहीं. कमिंग्जच्या काळीं वैद्याचा मुख्य आधार रोग्याची हकीकत हाच होता.

आणि हकीकतीला रोजनिशीइतकें अनुरूप रूप दुसरें कोणतें? कोणती नोंद महत्त्वाची, हें लिहिणाऱ्याला ठाऊक नसतें. संगीत, प्रेम, कीटक यांच्या गर्दींत बधिरपणाची एखादी ओळ येऊन जाते; तिचा अर्थ वाचकाला कळतो, लेखकाला नाहीं. कादंबरीकाराला ही अजाणता प्रयासानें निर्मावी लागली असती. कमिंग्जचें आत्मकेंद्रित लेखन कित्येकदां कंटाळवाणें होतें खरें. पण कीटकाकडे पाहण्याची शास्त्रज्ञाची नजर तो स्वतःच्या गात्रांकडे वळवितो, तेथें तें पार बदलून जातें.

निदान त्याच्यापासून लपविलें गेलें होतें. १९१५ च्या नोव्हेंबरांत तो सैन्यभरतीच्या तपासणीला गेला. डॉक्टरनें दिलेलें बंद पत्र वाचण्यापूर्वींच तो नापास ठरला, आणि परततांना वाटेंत त्यानें तें स्वतःच फोडलें! दोनच महिन्यांपूर्वीं त्याचें लग्न झालें होतें. पत्नीला विवाहापूर्वींच सारें ठाऊक होतें, हें त्याला पुढें कळलें. मराठी वाचकाला हें घर परकें वाटूं नये. मायेपोटीं केलेल्या या लपवालपवीनें त्याचें स्वतःच्या देहाविषयींचें ज्ञान हिरावून घेतलें, असें मला वाटतें. आपल्या अवयवांची साक्ष खरी कीं आपण उगाच भितों, हें ठरवितां न आल्यानें तो वर्षानुवर्षें झुरत राहिला.

पुस्तकाचा शेवट मात्र मला रुचत नाहीं. लेखक ३१ डिसेंबर १९१७ रोजीं वारला, अशी खोटी टीप तेथें आहे. प्रत्यक्षांत तो १९१९ च्या ऑक्टोबरपर्यंत जगला. ज्या रोगांत मरण इतकें रेंगाळत येतें, त्याला असा नाटकी पूर्णविराम कशाला? उरलेल्या नोंदी १९२० मध्यें ‘अखेरची रोजनिशी’ या नांवानें निघाल्या. मूळ पुस्तक वाचणाऱ्यानें त्या वगळूं नयेत.