लाइनीतली पोरे

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधली १९०१ सालची मसूर स्टेशनची हकिकत मी दर वर्षी वर्गात सांगतो. बापाला भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघालेली मुले, पत्र बापाच्या हाती न पडल्याने न्यायला कोणी नाही, आणि जात कळताच स्टेशनमास्तरचा पालटलेला चेहरा. आपली समीक्षा हा अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचते. ते बरोबरच आहे. पण ही एका फौजी घराचीही हकिकत आहे, हे मला एका विद्यार्थ्यामुळे कळले.

त्याचा बाप महार रेजिमेंटमध्ये हवालदार. बारावीपर्यंत पोराच्या पाच शाळा झाल्या. केंद्रीय विद्यालये १९६३ साली निघाली ती बदलीच्या नोकरदारांची मुले डोळ्यांपुढे ठेवूनच. अभ्यासक्रम सगळीकडे एक. पण कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी बापाची बदली झाली, की आई पोरांना घेऊन गावी येते. हा नववीत आला. गणित इंग्रजीत शिकलेला, पुढ्यात मराठी पुस्तक. जुने सोबती तुटलेले. बापाचा फोन लागला तर लागला. क्वार्टरमध्ये ‘पप्पा कुठल्या युनिटला?’ असे विचारीत. गावच्या वर्गात पहिल्याच दिवशी आडनाव विचारले, आणि मग बाक बदलला. रात्री झोप येईना. सहामाहीला तीन विषय गेले. मास्तर म्हणाले, बाप डोक्यावर नाही, वाया गेला! (बाप कुठे होता, हे मास्तरांना ठाऊक होते.)

मग मसूर पुन्हा वाचले. स्टेशनमास्तरला ती मुले आधी ब्राह्मणांची वाटली, ती त्यांच्या टापटिपीच्या पोशाखामुळे. ही टापटीप फौजी घरातली. रामजी सुभेदार लष्करी शाळेत हेडमास्तर होते. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना सक्तीचे शिक्षण होते, असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. १८९०च्या दशकात महारांची भरती थांबली आणि ती वाटही बुजली. छावणी अंगावर चांगला सदरा चढवते. मसूरच्या फलाटावर त्याचा उपयोग जात विचारीपर्यंतच.

आमच्या लेखनात कोरेगावचा १८१८चा रणसंग्राम पुन्हा पुन्हा येतो. १९४१ला उभी राहिलेली रेजिमेंटही येते. शौर्य गाताना आम्ही थकत नाही. लाइनीतली पंधरा वर्षांची पोरगी, जिने चौथ्यांदा शाळा बदलली, ती मात्र माझ्या वाचनात क्वचितच आली. दोष माझाही आहे. मीही इतकी वर्षे स्तंभच शिकवला.

त्या मुलाला मी हे लिहायला सांगितले. चार शाळा लिहून झाल्या. पाचवीपाशी, गावच्या शाळेपाशी, तो महिनाभर अडला आहे.